दोन मालकांचा फ्रिज

सरकार आणि कारखानदार यांना एका छताखाली बसवा आणि मध्ये पोरं सोडा. किस्से शोधायला कुठं जावं लागत नाही, बेसिनमधल्या भांड्यांसारखे आपोआप साठतात! दोन हजारच्या दशकात भाईंदर पूर्वेला, खारी गावाजवळ आमचं ट्रेनिंग सेंटर होतं. फ्रिज-एसी रिपेअरिंग. इमारत, सर्टिफिकेट आणि प्राचार्य सरकारचे. मशिनरी, कमिटीचं अध्यक्षपद आणि दुपारचा चहा शेठचा. शेठचा फ्रिजचा कारखाना होता, आणि बॅच पास झाली की पोरांना त्याच्या सर्व्हिस सेंटरमध्ये नोकरी, असा करार. शिकवायला मी! म्हणजे सेंटर चालणारच होतं, त्यात मला कधी शंका वाटली नाही.

*

पहिली भानगड वस्तूंची. सरकारी वस्तूवर लाल रंगाने नंबर, कंपनीच्या वस्तूवर निळं लेबल. पंखा सरकारी, त्याचा रेग्युलेटर कंपनीचा. टेबल कंपनीचं, खुर्ची सरकारी. खुर्ची मोडली की प्राचार्य म्हणायचे, "कंपनीच्या टेबलाला धडकून मोडली असणार."

आमचे स्टोअरकीपर सावंत पक्के सरकारी. जेवण झालं की बाकावर आडवे. एकदा पोरांनी झोपेतच त्यांच्या शर्टावर निळं लेबल चिकटवलं. नेमके प्राचार्य आले. सावंत दचकून उठले, लेबल वाचलं आणि शांतपणे म्हणाले, "बरं झालं. चहा तरी आता हक्काचा!"

*

शेठने शिकायला म्हणून नवा कोरा फ्रिज पाठवला. आम्ही पाने-स्क्रू ड्रायव्हर घेऊन सरसावलो, तर कंपनीचा मॅनेजर धावत आला. "खोलू नका! वॉरंटी जाईल!" प्राचार्यांनी लगेच मान डोलावली. म्हणजे रिपेअरिंग शिकायचं, पण फ्रिज न उघडता. धन्य आहे!

पोरांनी मग त्यात डबे ठेवायला सुरुवात केली. बॅचमध्ये फिलोमिना होती, आमची फिलू. उत्तनच्या मच्छीमाराची मुलगी, बॅचमधली एकुलती एक. वडिलांनी तिला बजावलं होतं: एवढा एक कोर्स कर, नोकरी लागली तर ठीक, नाहीतर आईबरोबर बाजारात टोपली घेऊन बसायचं. तिला टोपलीची लाज नव्हती, पण वेड मशीनचं होतं. तर तिच्या डब्यात सुक्या बोंबलाची चटणी.

एके दिवशी शेठ न सांगता आला आणि फ्रिज उघडला. वर्गभर बोंबील! "हे काय चाललंय?" शेठ गरजला.

मी तोंड उघडायच्या आत फिलू म्हणाली, "सर, थिअरी चालू हाय. खोलाचा न्हाय म्हणतात, मंग कूलिंग तरी बघतंव."

शेठ पोट धरून हसला. "खड्ड्यात गेली वॉरंटी! खोला तो आत्ताच!" आम्ही खोलला. चटणी मात्र शेठ घेऊन गेला.

*

मग कंपनीला वाटलं, पोरांना नुसतं काम येऊन उपयोग नाही, पर्सनॅलिटी हवी. अंधेरीहून एक मॅडम यायच्या. त्यांचा पहिला धडा, गिऱ्हाईक दिसलं की स्माईल. आमचा हरेश भलताच सिन्सियर. त्याला प्रॅक्टिससाठी सिल्व्हर पार्कला पाठवला, माझ्याच बिल्डिंगमध्ये. वरच्या काकूंचा फ्रिज गेलेला, वर्षभराचा आमरस फुकट, काकू रडकुंडीला आलेल्या. हा दारात उभा, बत्तिशी दाखवत!

काकूंचा मला फोन, "अहो, तुमचा पोरगा माझ्याकडे बघून हसतोय!"

मी हरेशला फैलावर घेतला. "अरे, दुसऱ्याच्या दुःखात सहभागी व्हावं, एवढं कळत नाही तुला?"

"कळतं सर," हरेश म्हणाला. "पण ते पुढच्या आठवड्यात आहे."

*

बॅच पास झाली. पोरांना भराभर नोकऱ्या लागल्या, हरेशलासुद्धा! फिलूचं नाव मात्र कुठंच नाही. मॅनेजर म्हणाला, मुलींचं वर विचारा. प्राचार्यांनी वर विचारलं, तर वरचे म्हणाले, खाली ठरवा. पार्टनरशिप म्हणतात ती ही! वरखाली करण्यात दिवस चालले होते, आणि उत्तनला तिच्या आईने नवी टोपली आणून ठेवली होती. माझा संताप संताप झाला. एवढा चांगला हात मी पुन्हा शिकवला नाही.

शेठ मीटिंगला आला तेव्हा मी फिलूला सरळ प्राचार्यांच्या केबिनमध्ये घेऊन गेलो. प्राचार्य दचकले. शेठ मात्र माणूस प्रेमळ.

"बाय, काम तुझं चांगलं आहे, सर सांगतात. पण लोकांच्या घरी एकटी मुलगी कशी पाठवू? काही झालं तर जबाबदारी माझी. तुला ऑफिसात फोन घ्यायला बसवतो, चालेल?"

"न्हाय चालणार," फिलू म्हणाली. प्राचार्यांनी डोळेच मिटले.

"सर, तुमची माणसं दुपारी कंप्लेंटवर जातात, तवा घरात कोण असतं?"

"बायकाच असतात."

"त्या दार उघडतात?"

"का नाही उघडणार? अंगावर कंपनीचा ड्रेस, गळ्यात आयकार्ड! माझी बायको पण उघडते."

"इचारा."

शेठला चेव आला. त्याने प्राचार्यांच्या फोनवरून घरी नंबर फिरवला आणि आम्हा सगळ्यांना ऐकू जावं म्हणून स्पीकर लावला.

"काय गं, दुपारी आपला मेकॅनिक आला तर दार उघडतेस ना?"

"डोकं फिरलंय का तुमचं?" शेठाणींचा आवाज केबिनभर घुमला. "घरात मी एकटी, आणि परक्या पुरुषाला आत घेऊ? बाहेरच्या बाहेर घालवते! म्हणून तर दिवाळीपासून फ्रिज बंद आहे. तुमच्याच कंपनीचा! दूध शेजारी ठेवते मी, लाज वाटते लोकांना सांगायला..."

शेठ स्पीकर बंद करायचं बटण शोधत होता. ते त्याला सापडेना, आणि प्राचार्य दाखवेनात. शेवटी घसा खाकरून त्याने विचारलं, "आणि मुलगी आली तर?"

"आहे तुमच्याकडे? मग इतके दिवस लपवून का ठेवलीत?"

शेठने फोन ठेवला. फिलूकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग उठून खिडकीतून खाली ड्रायव्हरला हाक मारली.

"मॅडमना आपल्या घरी घेऊन जा. मागच्या सीटवर बसव. टूलबॉक्स तू उचल!"