तिसऱ्या फोनची वाट

माझी मुलगी आर्किटेक्ट झाली नाही, याचं कारण मी अतिशय सुसंस्कृत माणूस आहे.

आमच्या घराण्यात पहिल्या विचारण्याला हो म्हणायची पद्धत नाही. कोणी काही देऊ केलं, की आधी ठणकावून नको म्हणायचं. पुन्हा विचारलं, की जरा हळू आवाजात नको म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारलं, की मग "आता तुम्ही इतकं म्हणताच आहात तर..." असं पुटपुटत घ्यायचं. आमच्या कोकणातल्या गावी लग्नाच्या पंगतीत जिलबी आली, की माझे वडील ताटावर आडवा हात धरायचे, पण बोटं अशी फाकवून, की मधून जिलबी आरामात खाली पडावी. (वाढणारेही गावचेच. ते बरोबर फटीत नेम धरायचे!) मी याच तालमीत वाढलो, आणि मला कॉलेजचा फोन आला.

गार्गीला, म्हणजे आमच्या मुलीला, घोडबंदर रोडवरच्या एका खासगी कॉलेजात आर्किटेक्चरला जागा मिळाली होती. तिथली फी डोंबिवलीच्या एमआयडीसीत रंगाच्या कंपनीचं स्टोअर सांभाळणाऱ्या माणसाला झेपणारी नव्हती. फी माफीचा अर्ज केला होता; माफ झाली तर ठाणे, नाही तर कल्याणला बीएस्सी, असं घरात ठरलेलं. पोरगी लहानपणापासून चपलांच्या खोक्यांना दारं-खिडक्या पाडत आलेली. रोज संध्याकाळी ती एकच प्रश्न विचारायची, "बाबा, फोन आला?"

आला! मी कंपनीत रंगाचे ड्रम मोजून घेत होतो. पलीकडून कॉलेजच्या ऑफिसातल्या बाई बोलत होत्या.

"सर, अभिनंदन! आमच्या समितीने गार्गीची पूर्ण फी माफ करायचं ठरवलंय. ही मदत तुम्ही स्वीकारताय ना?"

हो म्हणायला तोंड उघडलं आणि आतून सगळं घराणं बोललं, "छे छे! नको हो! कशाला उगाच तुम्हाला त्रास?"

बाई गडबडल्या. "नको? नक्की ना सर?"

"अहो, चाललंय आमचं देवाच्या दयेनं!"

"बरं... नियमाप्रमाणे आम्ही परवा परत एकदा फोन करून विचारू."

परत विचारणार! म्हणजे माणसं आपल्यातलीच निघाली. मी खुशीत घरी आलो आणि शुभदाला सगळं सांगितलं. दुसरी एखादी बायको डोक्याला हात लावून बसली असती, पण ही माझ्या सख्ख्या आतेबहिणीची नणंद. तिचेही संस्कार तेच!

"बरं केलंत," ती म्हणाली. "लगेच हो म्हटलं असतं तर अगदी हपापलेले वाटलो असतो."

"गार्गीला सांगू?"

"पक्कं झाल्यावर सांगू. आनंदाने उडेल पोर."

त्यामुळे संध्याकाळी गार्गीने विचारलं तेव्हा मी गालातल्या गालात हसत म्हणालो, "बोलणी चालू आहेत!"

ठरल्याप्रमाणे दोन दिवसांनी फोन आला तेव्हा शुभदा शेजारीच उभी होती. दुसरी खेप म्हणून मी आवाज बराच खाली आणला होता.

"सर, शेवटचं विचारतेय. मदत हवी आहे का?"

शेवटचं? (हे आमच्याकडेही म्हणतात. 'शेवटचं विचारते हं,' असं म्हणत माझी मावशी अर्धी कढई वाढायची.) मी थोडं घुटमळलो आणि म्हणालो, "राहू द्या हो... दुसऱ्या कोणा गरजूला द्या."

"किती मोठं मन आहे सर तुमचं!" बाई म्हणाल्या. मला तर ते अगदी पटलं. फोन ठेवल्यावर शुभदा म्हणाली, "छान बोललात. आता तिसऱ्यांदा मात्र हो म्हणा."

मग आम्ही तिसऱ्या फोनची वाट बघत बसलो. मी आंघोळीला गेलो की शुभदा फोन धरून मोरीच्या दाराशी उभी! सगळे फोन आले, कॉलेजचा तेवढा आला नाही. शेवटी गार्गीनेच कॉलेजला फोन लावला. ऐकता ऐकता ती खाली बसली.

"बाबा, तुम्ही नको म्हणालात?"

"अगं, दोनदाच!"

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने उठून कल्याणच्या कॉलेजचा फॉर्म शोधायला घेतला.

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन ठाण्याला धावलो. ऑफिसात त्याच बाई. नाव सांगताच उठून उभ्या राहिल्या.

"तुम्हीच का ते सर! मी सगळ्या स्टाफला सांगितलं तुमच्याबद्दल. तुमच्यामुळे कळव्याच्या एका मुलीचं काम झालं हो. कालच येऊन प्रवेश घेऊन गेली."

"मॅडम, मी आपलं तसंच नको म्हणालो होतो."

"तसंच म्हणजे?"

मी त्यांच्या टेबलावर आडवा हात धरून, बोटं फाकवून, जिलबीचं सगळं समजावून सांगितलं. मागे रांगेतले पालक हसले. बाई हसल्या नाहीत. "सर, इथे दोनदाच विचारतात," त्या हळूच म्हणाल्या. "आता काहीच शिल्लक नाही."

मला तिथेच रडू आलं. मुलीच्या देखत, परक्या ऑफिसात. कोणाची कळव्याची पोर ती, तिचं भलं होवो, पण त्या क्षणी मला तिचा रागच आला. राग माझ्यावर यायला हवा होता, तो कुठे फिरायला गेला होता, देव जाणे. (नंतर घरी परतताना मात्र सगळाच्या सगळा आला.)

बाईंना माझी दया आली असावी. "बसा जरा. चहा मागवू?"

"हो!" मी वाक्य संपायच्या आत म्हणालो. जन्मात पहिल्यांदा!

"आणि तू गं?" त्यांनी गार्गीला विचारलं. सकाळपासून पोरीच्या पोटात काही नव्हतं. डोळे सुजलेले, ओठ सुकलेले. तिने मान वर केली आणि अगदी गोड आवाजात म्हणाली, "नको हो, कशाला उगाच तुम्हाला त्रास?"

बाईंनी एकच चहा मागवला. बापाकडून मुलीला मिळालेली शिष्यवृत्ती ही एवढीच, आणि ती मात्र मी पूर्ण दिली होती.