तळ्यावरची अंगठी

ती घटना आठवली की आजही माझी मान ताठ होते.

रविवार होता. सेनगाव तालुक्यातल्या त्या तळ्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. झाडीतल्या पायवाटांवर माणसं, झोक्यांवर लेकरं, काठाने चुली. दुपारी आमच्या पोलीस ठाण्यात फोन आला. "तळ्यावर गेटवरच्या बाईनं सोन्याची अंगठी लांबवली. झडती घ्या," एवढं बोलून समोरच्याने फोन ठेवला. नाव न सांगता बोट दाखवणाऱ्यांची मला पहिल्यापासून चीड. तरी डायरीला नोंद करून, महिला शिपायाला घेऊन निघालो.

हिंगोलीचं एक कुटुंब रोडग्यांच्या, म्हणजे निखाऱ्यात भाजलेल्या कणकेच्या जाड गोळ्यांच्या, बेताला आलं होतं. कणीक मळताना सूनबाईंनी अंगठी काढून परातीत काठाशी ठेवली, ती गायब. गेटवर पावत्या फाडणारी तांड्यावरची बाई तेवढ्यात त्यांना पाणी देऊन गेली होती. झालं! साऱ्या गर्दीसमोर तिला चोर ठरवलं. गेटचा ठेकेदार तिला कामावरूनच काढायला निघाला होता.

झडतीत काही निघालं नाही.

"साहेब, म्या निस्तं पाणी आणून देल्लं," ती म्हणाली. नजर खाली गेली नाही.

मी सूनबाईंना विचारलं, "कणकेत गेली असेल तर?"

"काहून जाईल? सगळे रोडगे कुस्करून खाल्ले आमी. दाताखाली आली नसती का?"

मुद्दा बिनतोड होता. पण 'सगळे' म्हणणाऱ्याला मी पुन्हा विचारतोच. "सगळे?"

"व्हय, सगळे," सासरे म्हणाले. "निवदाचा सोडून. पहिला रोडगा म्हसोबाला ठिवला न्हाई का पाळीवर!"

तळ्याच्या पाळीवर, बांधावरच्या शेंदरी दगडापुढे रोडगा तसाच होता, फक्त मुंग्या लागलेल्या. दोन पंचांसमोर फोडला. आत अंगठी! मला इतका आनंद झाला की अंगावरच्या खाकीसाठी हसू दाबावं लागलं.

"मिळाली ना, जाऊ द्या आता," सूनबाई पुटपुटल्या.

"जाऊ कशी देऊ?" गेटवरची बाई पुढे आली. "मला चोर म्हणलात तवा सारं तळं ऐकून राहिलं होतं. आता बी तेवढ्याच मोठ्यानं सांगा."

मी हाताची घडी घालून उभा राहिलो. ही चोर नाही, असं सूनबाईंनी हळूच सांगितलं. "न्हाई ऐकू आलं," गेटवरची बाई म्हणाली. दुसऱ्यांदा आवाज पार पलीकडच्या काठापर्यंत गेला, आणि तिकडून टाळ्या आल्या. ठेकेदाराने मागे सरून तिला गेटची वाट मोकळी करून दिली.

चोर पकडल्याबद्दल मला आजवर बक्षिसं मिळाली. पण निर्दोष माणसाला चारचौघांत निर्दोष ठरवणं, हेही तपासाचंच काम असतं, हे मला त्या बाईने शिकवलं.

ती गेटवर परतली, पावतीपुस्तक उचललं आणि गर्दीवर ओरडली, "लाईनीत उभं ऱ्हावा!" रांग निमूट सरळ झाली. मीही जीप बाजूला घेतली.