टेकडीपलीकडची घंटा

इथे पहिल्यांदाच लिहितेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या. आधी एक सांगून टाकते. भुतंखेतं, शकुन, अंगात येणं यातलं मी आयुष्यात काहीही मानलं नाही. मी केमिस्ट. न्यू जर्सीतल्या एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये अख्खी नोकरी गेली. जे तपासता येत नाही ते रिपोर्टमध्ये लिहायचं नाही, ही सवय हाडात मुरलेली. त्यामुळे हा अनुभव मी आजवर दोन-चार लोकांनाच सांगितलाय... आणि सांगताना प्रत्येक वेळी स्वतःच ओशाळलेय.

१९८६ सालचा ऑगस्ट. आम्ही तेव्हा पिस्कॅटवेला राहायचो. माझ्या नवऱ्याला, शरदला, ऑफिसातल्या मित्रांमुळे गोल्फचं वेड लागलं होतं. त्यातही त्याला हवे असत ते समुद्राकाठचे जुनेपुराणे कोर्स. लिंक्स म्हणतात त्यांना. झाड नाही, सावली नाही. वाळूच्या टेकड्या, त्यांच्यावर खुरटं गवत आणि सदानकदा वारा. आमच्या ओळखीचे लोक सुट्टीत नायगारा बघायला जायचे. आम्ही कुठल्यातरी किनाऱ्यावर हरवलेला बॉल शोधत फिरायचो. पण खरं सांगते, मला आवडायचं ते.

त्या वर्षी सासूबाई सोलापूरहून आल्या होत्या, सहा महिन्यांसाठी. दोन महिन्यांतच कंटाळल्या.

"रस्त्यावर माणूस म्हणून दिसत नाही गं नीला. नुसत्या गाड्या पळतायत."

म्हणून त्यांनाही बरोबर घेतलं. मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावरचा तो कोर्स. नाव मुद्दामच देत नाही. शंभरेक वर्षांचा जुना, पण बडेजाव काही नाही. नऊ होलचा, कुणीही जाऊन खेळावं असा. आईंचा थाट बघण्यासारखा होता! पाचवारी साडी, वर शरदचं विंडचीटर, पायात माझे कॅनव्हासचे बूट. बसून फिरायची कार्ट नको म्हणाल्या. "चालायलाच तर आलेय."

नावं लिहून घेऊन लोकांना खेळायला सोडणारा एक म्हातारा होता, त्याला आपण वॉल्टर म्हणू. त्याने शरदला बजावलं, की सहाव्या होलला मध्ये मोठी टेकडी आहे, पलीकडचं काही दिसत नाही. पुढचे लोक खेळून झालं की तिथल्या खांबावरची घंटा वाजवतात. घंटा ऐकू आल्याशिवाय बॉल मारायचा नाही. मारलात तर कुणाचं तरी डोकं फुटेल. शरदने ते आईंना मराठीत सांगितलं. त्यांना ती पद्धत फारच आवडली.

दुपारचे साधारण दोन वाजले असतील आम्ही सहाव्या होलला पोचलो तेव्हा. स्वच्छ ऊन. लांब समुद्रावर ढगांचा एक काळा पट्टा, बस. शरद वाकून बॉल ठेवत होता, तेवढ्यात आई म्हणाल्या,

"अरे थांब, पुढे लोक आहेत. आत्ता गेले बघ पलीकडे."

मीही बघितलं. खोटं कशाला सांगू! टेकडीच्या माथ्यावरून एक पुरुष उतरत होता, फक्त खांदे आणि टोपी दिसली. त्याच्या मागे एक बाई, वाऱ्याने उडू नये म्हणून टोपी हाताने दाबून धरलेली. क्षणभरच. मग दोघंही उताराआड गेले. जुनाट कपडे, धूसर आकृती वगैरे काही नाही हं. चारचौघांसारखी माणसं.

आम्ही थांबलो. पाच मिनिटं झाली, दहा झाली.

"मॉम, ते गेले असतील केव्हाच," शरद वैतागला. आईंना चिडवायचं असलं की तो मॉम म्हणायचा. "घंटा वाजवायला विसरले असणार. मी जाऊन बघून येतो."

"कुठे जाऊ नकोस. तो म्हातारा काय म्हणाला? घंटा वाजेपर्यंत थांबायचं. बस इथे गपचूप."

आणि त्यांनी तिथल्या बाकावर बसकण मारून पिशवीतून फॉइलमध्ये गुंडाळलेली थालीपिठं काढली. आता थालीपीठ समोर आल्यावर शरद कुठला जातोय! आम्ही तिघं खात बसलो. वारा, ऊन, लसणाची चटणी. आई मला म्हणाल्या, "छान जमलंय गं तुझं थालीपीठ." लग्नानंतर नऊ वर्षांनी पहिल्यांदा! मी मनातल्या मनात त्याचा आनंद साजरा करतेय, तेवढ्यात...

टेकडीपलीकडे लख्खकन पांढरं झालं आणि त्याच क्षणी असा आवाज, की बाक हादरला. आम्ही तिघंही जमिनीवर बसलो, एकमेकांना धरून. डोक्यावर ऊन तसंच होतं! कानात नुसता दडा बसला होता. मला एकच आठवत होतं, ती दोन माणसं तिकडे आहेत.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. पाच मिनिटं असतील, पंधरा असतील. मग घंटा वाजली. दोन टोल. शांतपणे, मध्ये पुरेसं अंतर ठेवून.

"जिवंत आहेत!" शरद ओरडला आणि धावत सुटला. मागोमाग मी.

पलीकडे कुणीही नव्हतं. होलमधली झेंड्याची काठी विजेने उभी चिरली होती. हिरवळीवर झाडाच्या मुळ्यांसारखे जळाल्याचे फाटे पसरले होते आणि घाण जळका वास येत होता. त्याच्यापुढे सपाट गवत, मग पुळण, मग समुद्र. लपायला एक झुडूप नाही. शरदने हाका मारल्या. मी पुळणीपर्यंत जाऊन आले.

आम्ही थांबलो नसतो तर... शरद बघायला गेला असता तर तो बरोबर त्या काठीपाशीच उभा असता. हे आम्हा दोघांनाही एकदमच सुचलं. त्याने माझा हात घट्ट धरला. आई तोवर धापा टाकत पोचल्या. त्यांनी सगळं बघितलं आणि शरदच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

आवाज ऐकून वॉल्टर पिकअप घेऊन आला. आम्ही दोन माणसांबद्दल सांगितल्यावर तो चक्रावला. म्हणाला, आज वारा म्हणून सकाळपासून तुम्ही सोडून कुणीच आलेलं नाही. तरीही त्याने अख्खा कोर्स पिकअपने पालथा घातला. पार्किंगमध्ये आमची आणि त्याची, दोनच गाड्या. मी त्याला विचारलंच, इथे आधी काही असं... तो म्हणाला, "मॅम, मी बावीस वर्षं इथे आहे. कधीच नाही." कुठली दंतकथा नाही, कुणी बुडाल्याची गोष्ट नाही. त्यालाही आमच्याइतकंच कोडं पडलं होतं.

घंटा वाऱ्याने वाजली म्हणावं, तर आम्ही तिथे उभे होतो तेव्हाही वारा सुसाटच होता आणि घंटा हलत नव्हती. तिचा आतला लोळा जड होता. शरदने दोरी ओढून बघितली, चांगला जोर लागला. विजेच्या धक्क्याने म्हणावं, तर ती बऱ्याच वेळानंतर वाजली. आणि तो आमचा भास म्हणावा, तर तिघांना एकच, तोही बरोबर दोन टोलांचा?

त्या संध्याकाळी आम्ही गावातल्या एका टपरीवर बसून भाजलेली कणसं खाल्ली. समुद्र गुलाबी झाला होता. घाबरायला हवं होतं, पण तिघांपैकी कुणालाच भीती वाटत नव्हती. उलट कधी नव्हे इतकं हसलो. आई शाळेतली नाटकं आठवून आठवून सांगत होत्या.

बऱ्याच वर्षांनी, सोलापूरला आईंच्या पलंगाशी बसले होते, तेव्हा हा विषय निघाला. त्या सहज म्हणाल्या,

"ती बाई उतरण्याआधी वळली होती. माझ्याकडे बघून तिने हात असा केला." आणि त्यांनी तळहात समोर धरला. थांबा म्हणतात तसा.

मी थक्क झाले. "आई, मग तेव्हा का नाही सांगितलंत?"

"तू शास्त्रवाली. हसली असतीस. आणि सांगून काय करायचं होतं? तुम्ही थांबलात ना? झालं तर मग."

मला आजही उत्तर माहीत नाही. कुणी विचारलं तर तेवढंच सांगते, की माहीत नाही. शरद आता पंचाहत्तरीचा आहे आणि हे लिहितेय तेव्हा खाली गराजमध्ये शीळ वाजवत गोल्फचे बूट घासतोय.