कव्हरवरची चार भोकं

कपाट आवरताना बाबांच्या जुन्या कॅमेऱ्याचं चामडी कव्हर हाती आलं आणि त्याच्या वासानेच मान आखडली. कॉलेजात होते तेव्हा. बाबांनी पहिल्यांदाच कॅमेरा माझ्या गळ्यात घातला होता आणि मी धरमपेठेतून भर उन्हात सायकल हाणत प्राणिसंग्रहालयातल्या गरुडापुढे जाऊन उभी राहिले. फोटोत गज नकोत म्हणून लेन्स दोन गजांच्या मधे धरली. कव्हरचं पुढचं झाकण खाली लोंबत होतं. ते आधी काढून ठेवायचं असतं हे कोणाला ठाऊक! गरुडाला ते मांस वाटलं असावं. त्याने झडप घालून पंजा रोवला आणि गळ्यातल्या पट्ट्यासकट मी गजांवर आदळले. मागे ओढावं तर बाबांचा कॅमेरा तुटेल, पुढे जावं तर चोच डोळ्यांसमोर. “मांगं नको ओढू वं पोरी, पुढं सरक! त्याले ढील दे!” रखवालदार मांसाची बादली घेऊन धावत आला. तापलेल्या गजांना कपाळ टेकवून मी पट्टा सैल सोडला. रखवालदाराने टाकलेल्या तुकड्याकडे गरुडाने बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग कुठे पंजा सुटला. बटण दाबायचं राहूनच गेलं. आज झाकणावर पंजाने पाडलेल्या त्या चार भोकांत एकेक बोट घालून पाहिलं. त्या गरुडाचा माझ्याकडे एवढाच काय तो फोटो.