पालिकेचे पडदे आणि मरूनचा दिवस

सकाळी पावणेसात वाजता रंगारीण मरून रंगाच्या हंड्यात काठी फिरवत होती. दुकानात वाफ कोंडली होती. आतल्या भिंतीवर, पिवळ्या दिव्याखाली, हातभर लांबीची मरून पट्टी खिळ्याला अडकवलेली होती.

ही पट्टी वर्षानुवर्षं दाराबाहेरच्या दांडीवर लोंबायची. आज कोणता हंडा चढलाय, ते गल्लीला तिच्यावरून कळायचं. आधी पिवळा, मग केशरी, लाल, मरून, तपकिरी आणि शेवटी काळा. फिक्याकडून गडद रंगाकडे गेलं की रोज हंडा घासावा लागत नाही. लोक पट्टी बघायचे, दाराशी ठेवलेल्या टोपलीत गठ्ठा टाकायचे आणि कामाला जायचे. गठ्ठ्याला फक्त नावाची चिठ्ठी असायची. रंग लिहायची पद्धतच नव्हती.

महिन्यापूर्वी पालिकेनं रस्त्यावर पुढे येणाऱ्या जाहिराती बंद केल्या. निरीक्षकानं पट्टीलाही जाहिरात ठरवलं. "आत लावा, बाई. पुन्हा बाहेर दिसली तर परवाना जाईल." तिनं मुकाट्यानं ती आत लावली.

"वहिनी, आला!" घड्या घालणारा दीर दारातूनच ओरडला. "आणि हात रिकामे नाहीत."

निरीक्षकानं काखेतलं गाठोडं फळीवर आपटलं. आत सभागृहाचे पडदे होते, गेल्या आठवड्यात इथेच रंगवलेले.

"तपकिरी हवे होते. हे काय आहे?"

"मरून," ती म्हणाली. "त्या दिवशी मरूनच होता, साहेब."

"शिपायानं पट्टी बघूनच टाकले होते. तो काय आंधळा आहे?"

"आंधळा कशाला? पट्टी अंधारात आहे," दीर म्हणाला. "तुमच्याच हुकमानं."

"भावजी, तोंड आवरा!" रंगारणीनं डोळे वटारले. परवाना आता गेलाच, असं तिला वाटलं. पण लपवण्यासारखं काही नव्हतं. "या दिव्याखाली मरून तपकिरीच दिसतो, साहेब. बघा तुम्हीच."

निरीक्षकानं पट्टी खिळ्यावरून काढली, दिव्याखाली धरली, मग रस्त्यावर उन्हात नेली. उलटीसुलटी करून बघितली. परत आला तेव्हा आवाज उतरला होता.

"आणखी किती जणांचं असं झालं?"

"चौघांचं. त्यांना फुकट परत रंगवून देतेय."

"यांचं काही होईल?"

"मरूनवर तपकिरी छान बसतो. उलटं असतं तर मीही हात टेकले असते."

तो दाराबाहेर जाऊन दांडीकडे बघत राहिला. हातातल्या पट्टीवर ना नाव होतं ना भाव. "दांडी भिंतीलगत आडवी ठोका," तो शेवटी म्हणाला. "रस्त्यावर बोटभरही यायला नको. पट्टीला माझी हरकत नाही. मोठ्या साहेबांना मी सांगतो."

"आणि परवाना?"

"परवान्याला काय झालंय?"

तो वळणापलीकडे गेला. मग रंगारीण स्टुलावर धपकन बसली. "तुमच्या जिभेपायी एक दिवस मला भीक मागायला लावाल."

"तेव्हा भिकेची पाटीही आतच लावू," दीर म्हणाला, आणि ती पदर तोंडाला लावून हसली.

दांडी दुपारीच ठोकून झाली. उद्या तपकिरीचा दिवस. साडेसहाला हंडा चढेल आणि पहिल्या खेपेत पालिकेचे पडदे जातील.