पनवेलच्या अक्षरांतले शब्द

लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली, दिवा गेला आणि माझ्याबरोबरचे वरच्या मजल्यावरचे शेजारी मटकन खाली बसले. "मावशी, श्वास येत नाही." फटीतून हवा येत होती, त्यांना भीतीने कोंडलं होतं.

एरवी हे गृहस्थ गप्प बसत नाहीत. इंग्रजी पेपरात अक्षरं देतात, त्यांतून शब्द शोधायचे असतात. हे तळहातावर बोटाने लिहीत मला जिन्यात गाठतात. "थांबा, अजून एक आहे," म्हणतात. मी मराठी चौथी शिकलेली. त्या शब्दांचं मी काय लोणचं घालू? मी तोंडावर दार लावून घ्यायची.

त्या दिवशी मात्र मीच त्यांचा तळहात ओढून उघडला. "मरायचं नाय. आपल्या पनवेलची इंग्रजी अक्षरं घ्या नि शब्द काढा. मोठ्यानं."

"पॅन," ते कसेबसे म्हणाले.

"ते कार्ड माज्याकडं पण हाय. पुढं?"

"व्हॅन. लेन." बोट चालायला लागलं. "प्लॅन. प्लेन!"

"विमान? ते तर रोज डोक्यावरून जातं. पुढं?"

"नेव्हल! मावशी, बेंबी! पनवेलमध्ये बेंबी आहे!"

वॉचमनने चावीने दार उघडलं, हात पुढे केला. आरडाओरडा ऐकून खाली जमलेल्यांना वाटलं होतं, आत कोणीतरी गेलं.

"थांबा, अजून एक आहे," ते आतूनच ओरडले. "पॅनल!"

मग बाहेर आले. माझे आभार मानायचे राहिले, ते राहिलेच.

लिफ्टमध्ये आम्ही दोघं होतो. दोघंही जगलो.