झुलाल आबाचा न पिकणारा मोती

झुलाल आबा दिवसाढवळ्या ढोसतो, ही बातमी चोपड्याजवळच्या आमच्या गावात कुजबुजत फिरली. पुरावे भरपूर. अभिमनच्या म्हशीला तो बाजूने जाऊन धडकला आणि वर म्हशीलाच म्हणाला, "सरक ना बाई!" लग्नाच्या पंगतीत शेजारच्याची आमटी लाथाडली. प्रमिलाबाईला तर त्याच्या तोंडाचा वासही आला म्हणे. तिला वीस वर्षं सर्दी आहे, पण असो. मीसुद्धा चार घरी सांगून आलो. खोटं कशाला बोलू?

आबा केळी कापणारा गडी. घडाकडे नुसतं बघून सांगायचा, भरला की कोवळा. नजर गेली की कोयता गेला, हे त्याला पक्कं ठाऊक. शाळेत डोळे तपासणीचं शिबिर लागलं, तेव्हा बायकोने, मंदाबाईने, त्याला ओढतच नेलं. तर पठ्ठ्याने तक्त्यावरची शेवटची बारीक ओळसुद्धा धडाधड वाचली!

तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, "थांबा आबा, डोळ्यातला दाब बघायचाय."

"कसाले? बठ्ठं तं वाचं मी!" म्हणत तो बाहेर. रांगेतल्या म्हाताऱ्यांना सांगत सुटला, "मना डोया गरुडना शेतस!"

दीड वर्षाने समोरचंही धूसर झालं. मंदाबाई मागे लागली, "चाला ना दवाखानामा."

"मोती शे तो. पिकू दे. कच्चा घड मी कधी कापा का?"

गावाने माना डोलावल्या. मोतीबिंदू पिकल्याशिवाय काढू नये, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगतं. मीही तेच सांगितलं. अशी आणखी दोन वर्षं गेली.

मग एक दिवस आबाने शालिग्रामच्या बागेतले अकरा कोवळे घड उतरवले. शालिग्रामने त्या दिवसाची मजुरी दिली. दुसऱ्या दिवसापासून बोलावलं मात्र नाही.

तेव्हा कुठे जळगाव. मी सोबत होतो. डॉक्टरीणबाई तरुण, नाव ज्योत्स्ना. आबाने प्रश्नांचं गाठोडंच सोडलं. "चष्मा लागी का? ऑपरेशनमा डोया बाहेर काढीसन धोतस का?"

"डोळा बाहेर काढत नाहीत, आबा. आणि याला चष्म्याचा उपयोग नाही."

"मोती पिकना का पण?"

"हा मोती नाही, काचबिंदू आहे. हा पिकत नाही. आतली नस खातो. आधी बाजूचं जातं, समोरचं बरेच दिवस दिसत राहतं. म्हणून तर तक्ता वाचता आला तुम्हाला."

"नजर परत यी का?"

"नाही."

"थोडी?"

"गेलेली येत नाही. उरलेली टिकावी म्हणून रोज थेंब टाकायचे."

"उरनी कितली?"

तिने त्याच्यासमोर हात धरला. "बोटं किती?"

आबा आवाजाच्या दिशेने हसला. "तूच सांग, माय."

मंदाबाई सकाळ-संध्याकाळ न चुकता थेंब टाकते. आता त्याला खिडकीचा उजेड तेवढा कळतो, तोही भर दुपारी.

राहिली दारूची गोष्ट. झुलाल आबाने दारूला जन्मात हात लावला नाही. त्याला बाजूचं दिसत नव्हतं.